मुदत न टाकलेली शांतता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नवधारा दूध संस्थेचे चेअरमन, माननीय धर्माजीशेठ. पुण्याहून वेळात वेळ काढून आलेल्या इंजिनिअर श्रेयाताई. व्यासपीठावरील सर्व संचालक. सत्कारमूर्ती रामनाथराव कोरडे. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती मंगलवहिनी. आणि राजुरी, बोरी बुद्रुक, पार निरगुडसरवरून सकाळची धार आटोपून आलेल्या माझ्या दूध उत्पादक बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना सावळाराम औटीचा नमस्कार.

मी या संस्थेचा सचिव. सचिवाने निरोपाच्या भाषणात सेवेची वर्षं सांगावीत, दोन चांगले शब्द बोलावेत आणि श्रोत्यांना जेवायला सोडावं, अशी पद्धत आहे. रामनाथरावांची सेवा एकतीस वर्षं. चोवीस वर्षं गेटवर, सात वर्षं कंट्रोल रूममध्ये. झाली वर्षं सांगून. जेवणाला मात्र जरा उशीर होईल. आचाऱ्याला मी तसं सांगून ठेवलंय.

सात वर्षांपूर्वी आपण बावीस कॅमेरे बसवले. दारांना, टाक्यांना सेन्सर लावले आणि हे सगळं एका संगणकाला जोडलं. त्यात 'हेल्थ पॉलिसी' नावाचा एक भाग होता. मासिक सभेत मी तो शब्द वाचला, तेव्हा आपल्यातल्या एका संचालकांनी विचारलं, कॅमेऱ्यांचा इमा काढलाय का? मी नाव घेणार नाही, ते आत्ता पाणी पिताहेत. तर तसं नव्हतं. ही यंत्रणा स्वतःचीच तब्येत तपासते. कॅमेरा चालू आहे का, सेन्सर प्रतिसाद देतोय का. नसेल तर कंट्रोल रूममध्ये भोंगा वाजतो आणि चेअरमनसाहेबांच्या, माझ्या, रामनाथरावांच्या फोनवर निरोप येतो.

आता आपल्याकडे रोज सकाळी सव्वाआठला लाइन जाते. जनरेटर चालू होईपर्यंत दोन मिनिटं कॅमेरे बंद. म्हणजे बावीस निरोप. पुन्हा चालू झाले की आणखी बावीस. आणि चेअरमनसाहेबांचा फोन आलेला निरोप मोठ्यानं वाचून दाखवायचा. एकदा साहेब नदीवर एका दशक्रियेला बसले होते. पिंड मांडून झालेले, मंडळी हात जोडून कावळ्याची वाट बघताहेत, सगळीकडे शांत. आणि साहेबांच्या खिशातून एक बाई बोलली, "डिव्हाइस नाइन इज डेड." मग दहा. मग अकरा. त्या घरच्या म्हाताऱ्या आजींनी विचारलं म्हणे, आणि कोण कोण गेलं?

साहेब हसताहेत. त्या दिवशी हसत नव्हते. घाटावरूनच मला फोन आला की तो भोंगा आजच्या आज उपटून टाका.

तेव्हा श्रेयाताई पहिल्यांदा आल्या. त्यांनी आम्हाला नीट समजावलं, अलार्म उपटायचा नसतो. ठराविक उपकरणांचा, ठराविक वेळेपुरता गप्प करायचा. याला म्हणतात सप्रेशन. त्याचं वेळापत्रक लावता येतं. तेवढ्या वेळात भोंगा वाजत नाही, निरोप जात नाही, पण आत नोंद होत राहते. आमच्या टाकीवरच्या गेणभाऊंना हा शब्द काही केल्या जमेना. ते घरी सांगायचे, आमच्या क्यामेऱ्यांना रोज सव्वाआठला डिप्रेशन येतं.

रामनाथरावांना मात्र ते पहिल्या दिवशी कळलं. नववी शिकलेला माणूस. त्यांनी सकाळी आठ दहा ते आठ पंचवीस, फक्त कॅमेरे, असं वेळापत्रक लावलं. टाक्यांच्या सेन्सरला हात लावला नाही. शिवाय प्रत्येक वेळापत्रकाला महिन्याची मुदत टाकली. मुदत संपली की पुन्हा बसून नवीन लावायचे. मी म्हटलं, रामनाथराव, शेवटची तारीख मोकळी सोडता येते, कशाला दर महिन्याला डोकं लावता? तर मला म्हणाले, "आण्णा, जे गप केलं ते परत कवा बोलणार, ह्ये आदी लिवायचं. मागनं ध्यानात ऱ्हात न्हाई."

मी हसलो होतो. मी तेव्हा बराच हसत असे.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं, हर्षालीचं लग्न निघालं. एकतीस वर्षांत या माणसानं सलग आठ दिवस रजा घेतली ती त्या एकदाच. कंट्रोल रूमवर मी येऊन-जाऊन लक्ष ठेवायचं ठरलं. जाताना त्यांनी मला एका चिठोऱ्यावर आपला पासवर्ड लिहून दिला. नड पडली तरच वापरा, म्हणाले.

नड तिसऱ्याच दिवशी पडली. आपली वार्षिक सभा होती, याच आवारात. मांडववाल्यानं माइकची वायर नको त्या बोर्डाला जोडली, त्यामुळे माइक चालू झाला की काही कॅमेरे बंद पडायचे. चेअरमनसाहेब अहवाल वाचायला उभे राहिले, 'संस्थेच्या प्रगतीचा आलेख' इथपर्यंत आले आणि भोंगा वाजला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा तर विरोधी गटाला वाटलं, आपल्याच बाजूचं कुणीतरी वाजवतंय. त्यांनी टाळ्या पिटल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ज्यांनी साहेबांची ती नजर पाहिलीय, त्यांना सांगायला नको.

मी पळत माझ्या ऑफिसात गेलो. रामनाथरावांच्या नावानं यंत्रणा उघडली. कुठला कॅमेरा, कुठला बोर्ड, हे शोधायला वेळ कुणाला होता? 'सर्व उपकरणे' यावर टिचकी मारली. 'दररोज', टिचकी. 'चोवीस तास', टिचकी. शेवटची तारीख, मोकळी. भोंगा बंद. मांडवात येऊन बसलो. साहेबांनी मान डोलावली. माझी छाती जी फुगली, ती संध्याकाळपर्यंत उतरली नाही.

आणि केलेलं काम मी विसरून गेलो.

पुढचे पाच दिवस संस्थेत इतकी शांतता होती की काय सांगावं. फोन गप्प, भोंगा गप्प. दोन संचालकांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, रामनाथ नसताना यंत्रणा जास्त चांगली चालते राव. मी नको नको म्हटलं, पण फार जोरात नाही.

रजा संपवून रामनाथराव आले. हाताची हळद अजून गेली नव्हती. लाडूचा डबा माझ्या टेबलावर ठेवला, कंट्रोल रूममध्ये जाऊन बसले आणि पंधरा मिनिटांत परत आले. मला विचारलं, टाकी नंबर दोनचं दूध किती डिग्री? मी म्हटलं, पडद्यावर बघा की, चार. ते म्हणाले, "चारच हाये. पण आत्ता गेणभाऊंनी गरम दूध वतलं, तरी चारच. वतल्यावर काटा जरा तरी हालाया पायजे."

टाकीवरच्या काट्याची काच कधीची धुरकट झालेली, म्हणून गेणभाऊही पडद्यावरच विसंबून होते. आम्ही तिघं गेलो. रामनाथरावांनी झाकण उघडून हाताचा थर्मामीटर दुधात सोडला. नऊ. आमच्या डोळ्यांदेखत साडेनऊ.

सेन्सरची वायर उंदरानं चार दिवसांपूर्वीच तोडली होती. पडदा चार दिवस तोच जुना आकडा दाखवत होता. त्यात त्या दिवशी पहाटे त्या टाकीला थंड करणारा कॉम्प्रेसर बंद पडलेला. सेन्सर प्रतिसाद देत नाही, ही नोंद आत चार दिवस होत होती. तिला बाहेर बोलायला मी बंदी घातली होती.

टाकीत सहा हजार लिटर दूध होतं. तुमचंच. चौदा गावांचं. कुणाच्या दोन म्हशींचं, कुणाच्या एका गाईचं. रामनाथरावांनी आरडाओरडा केला नाही. गेणभाऊंना पंप लावायला सांगितला, दूध टाकी नंबर एकमध्ये वळवलं आणि राजुरीच्या वळणावर पोचलेला टँकर फोन करून थांबवला. साडेअकराला दूध पाच डिग्रीवर आलं. टँकरच्या माणसानं तपासलं, घेतलं, गेला. एक लिटर वाया गेलं नाही.

दुपारी चेअरमनसाहेबांनी चौकशी केली. अलार्म कुणी बंद केले? यंत्रणेत नाव निघालं, रामनाथ कोरडे. साहेबांची यात काही चूक नाही, जे लिहिलं होतं ते त्यांनी वाचलं. साहेब म्हणाले, यांना मेमो द्या. आता मंडळी, मेमो लिहिणं हे काम कुणाचं? सचिवाचं.

मी तो मेमो लिहिला. 'आपल्या निष्काळजीपणामुळे' अशी सुरुवात केली. अक्षर माझं सुंदर आहे, सगळे म्हणतात. त्या दिवशी विशेष सुंदर आलं.

मेमो हातात देताना मी म्हटलं, रामनाथराव, तुम्ही बोलत का नाही? टिचकी कुठल्या संगणकावरून मारली गेली, हे त्यांना दिसलेलं होतं. त्यांनी मेमोवर सही केली आणि मला म्हणाले, "पासवर्ड मीच दिला व्हता, आण्णा. तेवडी चूक माजीच हाये. बाकीचं तुमी तुमचं बगा."

मी तीन वर्षं माझं बघत होतो. रोज सकाळी ते नमस्कार करायचे आणि मी फाइलमध्ये डोकं घालायचो.

वहिनी, तुम्ही मान खाली घातलीत. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आणि तरी परवा माझ्या घरी हुरडा पाठवलात.

रामनाथराव हातानं मला बसा म्हणताहेत. एकतीस वर्षांत त्यांचं ऐकलं नाही, आज कुठून ऐकू?

अध्यक्ष महाराज, हा माझा अर्ज. काल रात्री लिहिला, सही केली, खाली पूर्ण नाव घातलं, सावळाराम बाळाजी औटी. तो मेमो रामनाथ कोरडे यांच्या सेवापुस्तकातून काढावा आणि माझ्या पुस्तकात लावावा, एवढी विनंती आहे. नवीन लिहिण्याची गरज नाही. मजकूर मीच लिहिलेला आहे, फक्त नाव बदलायचंय.

साहेबांनी पेन मागितलंय. धन्यवाद, साहेब.

आपण सर्वांनी भुकेल्या पोटी एवढं ऐकून घेतलंत, श्रेयाताई एवढ्या लांबून आल्या, मांडववाल्यानं आज वायर योग्य बोर्डाला जोडली, सगळ्यांचे आभार. रामनाथराव, मंगलवहिनी, तुमचे आभार कसे मानायचे, ते मला येत नाही. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर सभागृहानं ते पोटात घालावं. करण्यात जे झालं, ते मात्र माझ्या नावावरच राहू द्यावं.

नमस्कार.