खुरट्या मेंढ्याची पिल्लं

चहा घ्या, तोवर आमच्या मेंढ्याचं सांगतो. पैदाशीला एकच मेंढा ठेवायचा होता. आमच्यात टकरीत जिंकेल तोच ठेवतात. पण माझी धाकटी लेक शेवंता जनावरांची डॉक्टर. कुणाचा वाण चांगला ते कळावं म्हणून तिनं सगळ्या नरांच्या कानाचे बारीक तुकडे तपासून आणले आणि बोट ठेवलं नेमकं खुरट्यावर.

"आप्पा, हा जुळ्यातला. दूध कमी पडलं म्हणून वाळलाय. पण ह्याची पिल्लं लई वाढतील."

माझा मेव्हणा सिद्धाप्पा पोट धरून हसला. "दाजी, ह्यो वाऱ्यानं पडतोय! पोरीचं ऐकून कळप बुडवशीला."

टकरीत जिंकलेला दांडगा मेंढा तो घेऊन गेला. मी खुरटा ठेवला, पण कोकरं होईपर्यंत जिवाला घोर होता.

पुढं निपाणीच्या बाजारात व्यापाऱ्यानं माझी कोकरं चाचपली. "मागल्या सालची का?"

"न्हाय हो, अजून आईला पितात."

शेजारी सिद्धाप्पाची, त्याच वयाची कोकरं उभी होती. ती कुणी चाचपली न्हाईत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो आपल्या मेंढ्या हाकत दारात. "दाजी, ह्यांना तुमचा मेंढा द्या की."

"मेंढा शेवंतानं निवडलाय. तिला इचार."

सिद्धाप्पानं फेटा सावरला आणि आपल्या भाचीला म्हणाला, "डॉक्टरसाहेब, येऊ का आत?"