काचेआडचं ऊन

प्राण्यांच्या दवाखान्यात मांजराची पिशवी मांडीवर घेऊन एक बाई नंबराची वाट पाहत होती. तिच्या शेजारी औषधासाठी थांबलेले एक सासरे आणि त्यांची सून बोलत होते. सुनेच्या मांडीवर जाळीचा डबा, आत वाकड्या पायांचा पाळीव सरडा.

"ऊब द्यायला बल्ब आहे. मग ती दिव्याची नळी हवीच कशाला?"

"ऊब वेगळी, बाबा. अतिनील किरण नळीतून येतात. ते मिळाले नाहीत की हाडं मऊ पडतात."

"नळी रोज लावतो मी."

"लावता, पण मध्ये काच बसवलीत."

"त्याला भाजू नये म्हणून. उजेड येतोच की."

"उजेड येतो. किरण काचेत अडतात, डॉक्टर आत्ता तेच तर सांगत होते."

"म्हणजे हे पाय माझ्यामुळे?"

"काच काढली की पुन्हा फांदी धरेल म्हणालेत."

"आजच काढतो. बघ, एक डोळा माझ्यावरच रोखलाय. तुझ्या सासूसारखा."

"बाबा, तुम्ही हाडांसाठी रोज उन्हात बसता ना?"

"न चुकता."

"कुठे?"

"आपल्या काचबंद गॅलरीत."

सासऱ्यांनी डब्यात पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे.

"सुताराला फोन लाव. दोन काचा काढायच्यात म्हणावं."