धवलारणीचा व्यायाम

—न्हाय, ह्या व्यायामाच्या मशीनवरनं उतरणार न्हाय मी. तू त्या बाकावर बस, मी पायडल मारते नि बोलते. डॉक्टरणीनं तेच सांगितलंय, पाय चालू, तोंड चालू, दोन कामं एकदम असली की डोकं झोपत न्हाय. बस गो विनिता, बाक ओला न्हाय. सकाळी सकाळी सोसायटीच्या बागेत आलीस मला शोधत — म्हणजे विशालनं सांगितलं वाटतं? की त्याच्या पोरीच्या हळदीला आपण दोघी धवलारणी समोरासमोर उभ्या राहणार, अख्ख्या काल्हेरच्या बायांपुढं, नि जी गाता गाता धवला विसरेल ती खाली बसेल? त्याला वाटलं म्हातारी मस्करी करते. हसायला लागला. मी न्हाय हसले.

घाबरलीस? घाबर. लग्नातली ही गाणी शिकवली कोणी तुला? मीच ना — चुलीपुढं बसवून, देव बोलवायचा धवला, मांडवाला उंबर आणायचा धवला, हळदीचा धवला, एकेक ओळ घोटून घेतली. आता तू मोबाईलात बघून गातेस, मला कळत न्हाय वाटलं? आणि मीच शिकवलेल्या पोरीनं — गेल्या साली, कुमारच्या मेघालीच्या हळदीत, भर मांडवात — माझ्या तोंडावर हात ठेवला. हात! नवरी पाटावर बसलेली, बाया जमलेल्या, नि तू माझा आवाज दाबून पुढची ओळ सुरू केलीस. काय तर म्हणे, बाय चुकली. काय चुकली? बायांना विचारलं तर म्हणतात, आम्हाला डीजेत काय ऐकू आलं न्हाय, विनिताला विचार. तुला विचारू मी? मेले तरी न्हाय. त्या दिवसापासून मला गायला कोण बोलवत न्हाय. जेवायला बोलवतात. कोपऱ्यात खुर्ची देतात, कोणीतरी सरबत आणून देतं, नि तू गातेस.

रडले न्हाय मी. सुनेला बोलले, चल डॉक्टरकडं. डॉक्टरीण बरी होती, बोलली, आजी, वयानं थोडं विसरायला होतं, पण रोज चाला, दम लागेल एवढं चाला, डोक्याला रक्त बरं पोचतं, खूप जणांना फरक पडतो — गॅरंटी मात्र देत न्हाय. मी बोलले, गॅरंटी माझी मी देते. दुसऱ्या दिवशी निघाले — गोडाऊनच्या रस्त्यानं, कंटेनर सुटायच्या आत, लुगडं खोचून, नातवाचे बूट घालून. तो वॉचमन विचारतो, अम्मा, किधर भाग रही हो? मी बोलते, एक औरत के पीछे. तुझ्या मागं, विनिता! गुडघे बोंबलायचे, मी तुझं नाव घ्यायचे नि पाय उचलायचे. तोंडानं धवले चालूच. आधी उंबराच्या धवल्यात अडकायचे, पुढचं काही म्हणजे काही येईना, तिथंच रस्त्यात उभी राहायचे येड्यासारखी. मग एक दिवस चालता चालता ती ओळ आपसूक आली. तिच्यामागं दुसरी आली. आता गॅसवर दूध विसरत न्हाय, गोळी विसरत न्हाय, सुनेनं कुठं काय ठेवलंय ते तिला मी सांगते. हे सगळं तुझ्या नाकावर टिच्चून केलंय मी. भर मांडवात तू अडकलीस ना, बाया तोंडाला पदर लावून हसल्या ना, की त्या दिवशी मी पोटभर जेवेन.

अगो, पाया काय पडतेस! लांब हो, मशीन लागेल. माफी नको मला, मला तू खाली बसलेली पायजे. — काय? मग सांग ना काय चुकली ती! मोठ्यानं बोल, ट्रक चाललाय. मी नवरीचं नाव... मेघालीच्या जागी... कोणाचं?

उन्नतीचं.

माझ्या लेकीचं? माझ्या उन्नतीचं? तुला कुठून माहीत ती, तू तर फ्रॉकात होतीस तेव्हा... हळद दळून ठेवली होती गो तिची. तापानं गेली. लग्नघरात तिचं नाव कधी तोंडातून काढलं न्हाय मी, इतकी लग्नं लावली. आणि मेघालीला हळद लागताना... गेलेल्या पोरीचं नाव... मेघालीच्या आईनं ऐकलं? न्हाय? ऐकायच्या आत तू हात— हं. आणि वर्षभर गप्प बसलीस? मी दारोदार तुझ्या नावानं शिव्या घालत फिरले, नि तू गप्प? मला लागेल म्हणून? तू कोण ठरवणारी मला काय लागेल ते! आता तर जास्तच राग आलाय तुझा.

रडू नको. ऐक. धवले मला सगळे येतात, शेवटपर्यंत येतात. विशालच्या मांडवात मी उभी राहणार नि तुला खाली बसवणार, त्यात फरक न्हाय. फक्त... नवरीचं नाव येईल ना, तिथं तू गा. तेवढ्यापुरती मी गप्प राहीन. बघत काय बसलीस? जा. जा म्हणते ना!