दुसरी बाटली

मॅडम: तोंड पाडून काय बसलास? जिंकलो आपण! कारखान्यामागच्या विहिरीची राखून ठेवलेली दुसरी बाटलीही पहिलीसारखंच सांगतेय. शिसं मर्यादेच्या सहापट.

सहायक: पुन्हा एकदा यंत्रावर लावून बघा ना, मॅडम.

मॅडम: तीनदा लावलं. फेरतपासणी कारखानेवाल्यांनीच मागितली होती ना? आता बसा म्हणावं बोंबलत.

सहायक: यंत्र बिघडलं असेल.

मॅडम: यंत्राला काही धाड भरलेली नाही.

सहायक: मॅडम... त्या बाटलीत विहिरीचं पाणी नव्हतंच.

मॅडम: काय बरळतोयस? सील तूच लावलंस, माझ्यासमोर.

सहायक: काल मीच ते फोडलं. पाणी बदलून नवं सील लावलं. मंत्रालयातून साहेबांचा फोन होता. दुसरी बाटली स्वच्छ निघाली नाही तर कायमचा घरी बस, म्हणाले. माझी पाचावर धारण बसली.

मॅडम: गाढवा! दोघांनाही घरी बसवशील. कुठलं पाणी भरलंस?

सहायक: घरचं. नळाचं.

मॅडम: तुझ्या घरचं?

सहायक: डब्याच्या पिशवीतून आणलं. म्हटलं, याहून स्वच्छ कुठलं मिळणार? आमच्या टाकीवर आपल्याच मंत्रालयाची पाटी आहे, पाणी पिण्यास योग्य म्हणून. खाली तुमची सही आहे.

मॅडम: थांब जरा.

सहायक: तपासलं होतंत ना तुम्ही ते?

मॅडम: तेव्हाही साहेबांचा फोन आला होता.

सहायक: म्हणजे?

मॅडम: टाकीचा नमुना आलाच नव्हता. मी नुसती सही केली. घाबरले रे मी.

(सहायक फोन लावतो. पलीकडे नुसती घंटी वाजत राहते.)

मॅडम: घरी कोण असतं?

सहायक: बायको. आणि पोरगी, सात महिन्यांची. तिला वरचं दूध आहे. पावडर पाण्यात कालवून देतो.

मॅडम: पाणी उकळून घेत असाल ना?

सहायक: उकळल्यानं शिसं जातं, मॅडम?

मॅडम: नाही.

सहायक: उचलतच नाहीये.

मॅडम: कामात असेल. परत लाव.

सहायक: किती वाजले?

मॅडम: बारा. का रे?

सहायक: मग नाही उचलणार ती. या वेळी पोरीला पाजत असते.