न्हाणीची बोट आणि बारावे पान

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या बेटाच्या प्रमुख माननीय श्रीमती उराता, शेजारच्या पाच बेटांवरून आलेले सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती कप्तान हामाबे, आणि ज्यांना मी कधीकाळी विज्ञान शिकवले ते, आता साठी ओलांडलेले, माझे विद्यार्थी,

कप्तान हामाबे तेइजी यांनी एकेचाळीस वर्षे आपली फेरीबोट चालवली. उद्यापासून ती बंद होत आहे. बोट भंगारात जाईल आणि कप्तान ओकायामाला मुलीकडे. ‘बाबा, इथून समुद्र दिसत नाही, पण समोर बाग छान आहे,’ असे ती म्हणाली म्हणे. मी चार गौरवाचे शब्द बोलावेत अशी अध्यक्षांची सूचना आहे. ती माझ्याकडून पाळली जाईल असे वाटत नाही.

आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे की कप्तान बोटीच्या मागच्या बाजूला एका पिंपात बसून आंघोळ करीत असत? मी ते प्रथम पाहिले तेव्हा विचारले, “पाणी तापवता कशावर?” ते म्हणाले, “तापवतो कुठे? तापलेलंच असतं.” विषय असा आहे. इंजिन तापते. ते गार राहावे म्हणून त्याच्याभोवती पाणी खेळवतात. ते पाणी तापते, आणि ती सगळी ऊब आपण समुद्राला देऊन टाकतो. कप्तान तीच ऊब एका बंद नळीतून पिंपातल्या स्वच्छ पाण्याला देत होते. किती साधे, आणि किती सुंदर. (अध्यक्षा घड्याळाकडे पाहत आहेत, मी आवरते घेतो.)

त्या पिंपातून आमची कल्पना निघाली: बोटीवरच न्हाणीघर. सहा बेटे, दररोज एक. गार घरात एकटे राहणारे, टबात उतरताना पाय घसरेल म्हणून ओल्या फडक्याने अंग पुसून घेणारे दोनशे चौदा लोक आम्ही मोजले. एक दिवस प्रयोगही केला. कान्झाकी आजी मानेपर्यंत पाण्यात बसल्या आणि म्हणाल्या, “नोव्हेंबरनंतर आज पहिल्यांदा. आता मला कोणी उठवू नका.” बाहेर रांगेतून आवाज आला, “अहो आजी, पाणी प्यायला लागलात की काय?”

गुंतवणूकदार मिळाले तर फेरीही वाचणार होती. म्हणून दोन वर्षांपूर्वी कप्तान आणि मी हिरोशिमाला गेलो. मी बारा पाने तयार केली होती. बाराव्या पानावर त्या दोनशे चौदा जणांची वये होती, आणि दरवर्षी त्यांतले किती उरतील याचा तक्ता. नवव्या वर्षी अठ्ठेचाळीस.

आगगाडीत कप्तान म्हणाले, “गुरुजी, अकरा पानं पुरेत. बारावं पिशवीतच राहू दे.”

“अर्धं गणित फळ्यावर टाकून मी कधी वर्गाबाहेर गेलो नाही.”

“आपण वर्गात चाललोय का? तास संपल्याची घंटा तुम्हाला तेवढी कधी ऐकू आली नाही.”

बैठकीला चौघे होते. एकाने नाक मुरडले, “म्हणजे इंजिनाच्या पाण्यात माणसं आंघोळ करणार?” कप्तान शांतपणे म्हणाले, “पाणी नाही हो, नुसती ऊब. चहाचा पेला हातात धरला म्हणून चहा अंगात शिरतो का?” चौघेही हसले. त्या क्षणी मी थांबायला हवे होते. मी बारावे पान काढले आणि वीस मिनिटे समजावले. त्यांतले ज्येष्ठ गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, “इतक्या स्पष्टपणे आम्हाला आजवर कोणी समजावलं नव्हतं.” मला ते कौतुक वाटले. परतीच्या प्रवासभर मी खुशीत होतो.

आठ दिवसांनी नकार आला. मी दूरध्वनी केला. त्या चौघांतल्या सेंगोकूबाई म्हणाल्या, “गुरुजी, अकराव्या पानापर्यंत पैसे द्यायचं आमचं ठरलं होतं. नवव्या वर्षाचं आम्ही विचारलं तरी होतं का? पाच वर्षांपलीकडे आम्ही बघतच नाही.”

कप्तान धक्क्यावर माझी वाट पाहत उभे होते. “काय म्हणाले?”

मी म्हणालो, “बोट जुनी आहे म्हणाले.”

ज्याला एक पान झाकून ठेवता आले नाही, त्याला हे इतक्या सहज जमावे, याचे स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. त्या वसंतात कप्तानांनी एकट्याने बोट खरवडली, फळ्या बदलल्या, दोन हात रंग दिला, आणि त्या चौघांना पत्र लिहिले: ‘बोट आता नव्यासारखी झाली आहे, एकदा येऊन पाहावी.’ ते पत्र टपालात टाकायला त्यांनी माझ्याच हाती दिले. मी ते टाकले. उत्तर येणार नाही हे बेटावर फक्त मला माहीत होते. कप्तान मात्र पावसाळा संपेपर्यंत रोज टपाल कार्यालयात चौकशी करीत राहिले.

तो तक्ता मी अजून भरतो. गणिताप्रमाणे आज एकशे एकोणनव्वद जण असायला हवे होते. आहेत एकशे ब्याऐंशी. सात जण लवकर गेले, त्यांतले तिघे आपापल्या न्हाणीत. ऊब पोहोचली नाही तर काय, हा रकाना मी आखलाच नव्हता.

सभागृह सजवणाऱ्या महिला मंडळाचे, स्वयंपाक सांभाळणाऱ्यांचे, आणि ही कटकट ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. भाषणाच्या शेवटी वक्ता क्षमा मागतो आणि श्रोते ती मनावर घेत नाहीत, कारण चूक बहुधा झालेली नसते. आज ती झालेली आहे. क्षमा करावी की नाही, हे ज्यांचे त्यांनी ठरवावे. मी आग्रह धरणार नाही.

कप्तान, बोट जुनी आहे असे कोणीही म्हणाले नव्हते.