डेलोरिसबाईंच्या भांड्याचं बूड

...आणि वर मलाच म्हणतात, बूड बघायचं होतंत! अहो, भांड्याचं बूड बघायचं असतं हे मला कधी कोणी सांगितलं होतं का? बहात्तर वर्षं जगलो, त्यातली एकोणपन्नास संसारात गेली, एवढी भांडी टेबलावर आली नि गेली, मी वरून बघितलं, खाल्लं, उठलो. खालून कोण बघतं? खालून बघायचं ते ट्रॅक्टरकडे! आठवीत शाळा सुटली माझी, मान्य आहे, पण नववीतसुद्धा हे शिकवत नसणार, पैजेवर सांगतो.

झालं काय, मार्लीस गेली. माझी बायको. मग रोन्डा, माझी मुलगी, मागे लागली. "बाबा, शेतावर एकटे पडून राहाल नि आम्हाला कळायला चार दिवस लागतील. गावात या, माझ्यापासून सहा मिनिटांवर घर आहे." आलो. घराचं मला काय करायचंय हो? मी आधी गॅरेज बघितलं. आणि काय ते गॅरेज! आधीचा मालक म्हणे मास्तर होता. अकरा डबे रंगाचे, अकराही वाळून दगड झालेले. दार अर्ध्यावर येऊन थांबायचं, जसं काही त्याला पुढचं आठवत नाही. आणि अंगणात गवत गुडघाभर! आमच्या मिनेसोटात तुम्हाला सांगतो, सहा महिने बर्फाखाली सगळ्यांची अंगणं सारखीच असतात. उरलेल्या सहा महिन्यांत माणूस कसा आहे ते गवतावरून ठरतं. म्हणून मी पलंग जोडायच्या आधी कामाचं टेबल जोडलं, दाराचे रूळ घासले, तेलपाणी केलं, दार सताड उघडलं आणि आत खुर्ची टाकून बसलो. तसंच बसायचं असतं. दार लावून बसणाऱ्या माणसाबद्दल लोक काहीबाही बोलतात.

पहिल्याच शनिवारी शेजारच्या डेलोरिसबाई आल्या. पासष्टीच्या, ताठ, हातात झाकण घातलेलं भांडं. खिमा, वरून बटाट्याच्या गोळ्या, चीज, गरमागरम. "फार काही नाही हं, आपलं असंच. आवडलं नाही तर टाकून द्या." आमच्याकडची बाई असंच म्हणते, आणि टाकून दिलंत तर तुमच्या मयताला येणार नाही. मी म्हटलं, "बरं." एवढंच. आत या नाही, बसा नाही. बरं! मार्लीस असती तर तिनं दारातच तासभर गप्पा मारल्या असत्या आणि मी आतून ओरडलो असतो, दार लाव, माश्या येतायत.

चार दिवस तेच खाल्लं. उत्तम होतं. मग भांडं धुतलं, म्हणजे नळाखाली धरलं, आणि ठेवलं स्वयंपाकघराच्या खोक्यांवर, आणि ती खोकी होती कुठे? गॅरेजमध्ये! इथपर्यंत माझी चूक दाखवा. नाही ना?

बुधवारी गवत कापायचं यंत्र काढलं. चालू होईना. तेल बघितलं तर डांबर. ते काढायला हवं, आणि तेल काढायचं घमेलं शेतावर राहिलेलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं... आणि खोक्यावर एक भांडं! चौकोनी, पांढरं, कडेला निळी फुलं, यंत्राखाली असं बसलं, असं बसलं, की जणू कंपनीनं त्यासाठीच बनवलंय. सोडलं तेल. एक थेंब बाहेर नाही हो! मला तर अभिमान वाटला. रोन्डाला फोन करून सांगणार होतो.

तेल पूर्ण निथळू द्यावं लागतं. त्यात एक बोल्ट घासलेला निघाला, तो मागवला. म्हणून ते भांडं तिथेच. तीन दिवस. सताड उघड्या दारात.

शुक्रवारी डेलोरिसबाई कुत्रा घेऊन गेल्या. थांबल्या. यंत्राकडे बघितलं. खाली बघितलं. कुत्र्यानंही बघितलं.

"बिघडलंय का हो, एल्डन?"

"तेल बदलतोय."

"हो, दिसतंय," म्हणाल्या. "बरं, चालू द्या."

गेल्या. मला वाटलं, किती समजूतदार बाई! यंत्रातलं कळतंय हिला!

शनिवारी रोन्डा आली. गाडीतून उतरली आणि तिथेच थिजली. "बाबा. ते काय आहे?" "तेल." "कशात?" "भांड्यात." "कुणाच्या?" तिनं तेल डब्यात ओतलं, भांडं पालथं केलं, आणि बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर निळ्या शाईत ठसठशीत: डेलोरिस. "बाबा! बायका बुडाला नाव लावतात! भांडं परत करायचं असतं! रिकामं नाही, काहीतरी भरून! तुम्हाला माहीत नाही?" अहो, कुठून माहीत असणार? ते खातं मार्लीसचं होतं! आमच्या घरातून भांडी आपोआप जायची, आपोआप यायची. मला वाटायचं, ती तशी हिंडतातच.

सात वेळा धुतलं. सोडा, लिंबू, उकळतं पाणी. सातव्यांदा नाक घातलं तर अजून ट्रॅक्टर! मग सोमवारपासून जुन्या वस्तूंची दुकानं पालथी घातली, तीन गावांतली, आणि तिसऱ्या गावात चर्चच्या विक्रीत मिळालं. तसंच चौकोनी, तीच निळी फुलं. बुडाला पट्टी लावली, तिच्यावर नाव लिहिलं. मार्लीसच्या वहीतलं बघून खारवलेलं डुकराचं मांस घालून घेवडे शिजवले, दोनदा करपवले, तिसऱ्यांदा जमले. दाढी केली. रविवार नसताना! आणि वाटेत म्हणून डेलोरिसबाईंच्या बाजूचं गवतही दोन पट्टे कापून टाकलं, कारण माणसाला तोंडानं माफी मागता येत नसेल तर यंत्र तरी कशाला असतं?

दार उघडलं. "अय्या, घेवडे! कशाला एवढे कष्ट घेतलेत?" असं म्हणता म्हणता बाईनं काय केलं असेल? ते भरलेलं भांडं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं आणि मान वर करून खालून बघितलं! गाडीखाली मेकॅनिक बघतो तसं! मी मनात म्हटलं, मेलो.

"एल्डन, हे माझं नाही."

"नाव आहे की तुमचं."

"पट्टी कालची आहे. माझं भांडं तुमच्या यंत्राखाली होतं. मी बघितलं, समोरच्या ड्वेननं बघितलं, टपालवाल्या बाईनं बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"नवीन माणूस. असं कसं तोंडावर बोलायचं?"

असं! म्हणजे तीन दिवस अख्खी आळी माझ्या दारावरून हात हलवत जात होती, छान हवा पडलीय म्हणत होती, आणि मी, खुर्चीत बसून, राजासारखा, उलट हात हलवत होतो!

कान तापले माझे. आणि मग, तुम्हाला सांगतो, गप्प बसायचं सोडून मी तोंड उघडलं. म्हटलं, "डेलोरिसबाई, तुमचं आहे हे खरंच ठाऊक नव्हतं. आमच्याकडेही असंच होतं, निळ्या फुलांचं. मला वाटलं, मार्लीसचंच आहे."

बाईनं घेवडे खाली ठेवले. माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे," अगदी हळू म्हणाल्या, "बायकोचं समजून त्यात तेल काढलंत?"

...काढलं. तिचंच समजून काढलं. एकोणपन्नास वर्षं जिनं त्यात रांधून वाढलं, तिच्या भांड्यात, वर अभिमान वाटला. तिथून घरी फक्त चाळीस पावलं आहेत, मोजलीत मी त्या दिवशी. गेलो आणि स्वयंपाकघराची सगळी खोकी उघडली. मार्लीसचं भांडं तळाशी होतं, तिच्या ॲप्रनमध्ये गुंडाळलेलं. पालथं केलं. बुडाला पट्टी. मला वाटलं मार्लीस लिहिलं असेल. लिहिलं होतं: एल्डनच्या घरचं.

बघायचं होतं हो बूड. एकदा तरी बघायचं होतं.

आता सगळं ठीक आहे. दार सरळ चालतं, गवत गालिच्यासारखं आहे, आळीतले लोक भले आहेत, दर आठवड्याला कुणी ना कुणी जेवण आणून देतं. फक्त सगळे आणतात ते ॲल्युमिनियमच्या पातळ ट्रेमध्ये, वापरून फेकून द्यायच्या. ड्वेनची बायकोसुद्धा! कोणी काही बोलत नाही. छान हवा पडलीय म्हणतात. तरी मी प्रत्येक ट्रे पालथा करून बघतो. कधीच काही नसतं. परवा डेलोरिसबाईंचा आला, खिमा आणि बटाट्याच्या गोळ्या. संपवला, पालथा केला, तर बुडाला पट्टी, निळ्या शाईत, ठसठशीत:

"यात तेल काढलंत तरी चालेल."