वीस मोकळे खण

—न्हाई मावशी, मुद्दाम यादीतलं नाव उडवलं असं कुणी सांगितलं तुमाला? बसा आधी. ती वायर बाजूला सारा अन् खुर्चीवर बसा. माझं, ह्या सिंधूचं, काय जातंय वो, कुणाचं नाव उडवून? गल्लीचा टँकर कधी येणार त्याचा मेसेज समद्यांच्या फोनवर धाडायचा, एवढंच माझं काम. वर्गणी तुमचीबी हाय, पाणी तुमचंबी हाय. चूक माणसाची न्हाई, प्रोग्रामची हाय. आता प्रोग्राम कुणी बदलला? मीच बदलला. पण ऐकून तर घ्या — तिकडं लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलंय, इकडं चौकात बसून लोक म्हणतेत उदगीर जिल्हा होणार — होऊ द्या की, जिल्हा झाल्यावर नळातून काय कलेक्टर येणार हाय? — काय सांगत होते मी? हां, जुना प्रोग्राम.

जुन्यात नावाची जागा ठरलेली. वीस खण. नाव चार-पाच अक्षरांचं असलं तरी उरलेले खण मोकळ्या जागेनं भरायचे. अक्षरांच्या अशा ओळीला आम्ही स्ट्रिंग म्हणतो. ही ठरल्या मापाची स्ट्रिंग — रेडिमेड झबलं, लेकरू केवढंबी असू द्या. नव्या जातीची स्ट्रिंग माप घेऊन शिवल्यासारखी, नावाएवढीच. मग जुन्यातलं नव्यात घालताना मागं लोंबणारी मोकळी जागा कापावी लागते. न्हाई कापली तर नुस्ता ईश्वरप्पा अन् मागं मोकळी जागा लागलेला ईश्वरप्पा ही दोन माणसं हायेत म्हणतंय ते येडं. म्हणून कापली मी. कुणीबी तसंच करतंय.

पण तुमचं कसं झालं — तुमी गल्लीत नव्या. मी लिहून घ्यायला आले, म्हणलं घरधन्याचं नाव सांगा. तुमी पदर तोंडाला लावून हसून राहिल्या. मालकाचं नाव घेत न्हाई म्हणल्या. मग मी काय केलं? मोकळी जागा दाबली अन् फोन नंबर तेवढा घातला. जुन्या प्रोग्रामला वीस खण भरलेले दिसायचे, कशानं भरलेत ह्याची त्याला फिकीर न्हाई. मेसेज जायचा. नवा मात्र मोकळी जागा कापत गेला, कापत गेला — अन् हाती काय राहिलं? कायबी न्हाई. नाव न्हाई म्हंजी घरच न्हाई, असं धरून त्यानं तुमाला वगळलं. टँकर येऊन गेला अन् तुमी हंडा घेऊन दारोदार हिंडल्या. लई वाईट वाटलं मला, खरंच.

आता सांगा नाव. मालकाचं न्हाई वो, तुमचं! पाणी कोण भरतंय? तुमीच ना? मग? — रत्नम्मा. चांगलं हाय की, एवढं झाकून कशाला ठेवलं होतं! हे बसलं बघा. अशी चार घरं गळाली होती, तुमचं धरून तीन लागली. — चौथं? राहू द्या चौथं. — न्हाई वो, त्या घराचं एवढं काय नडत न्हाई. — मावशी, तुमी लई खोदून विचारता. माझं हाय.

हसू नका. तुमच्यासारखं लाजून न्हाई सोडलं मी. हा जुना प्रोग्राम आमच्या ह्यांनीच बांधलेला, स्वतःचं नाव झोकात पहिल्या नंबरला. मग गेले हैदराबादला कामाला. पाऊस पडला की येतो म्हणले. पाऊस न्हाई, ही काय त्यांची चूक? फोनबी न्हाई — ही मात्र त्यांचीच. एक दिवस रागानं मी नाव पुसलं. माझं लिहायला घेतलं अन् बोटच चालेना. जुन्यात तसंच खपून जायचं, वीसच्या वीस खण मोकळे, तरी मेसेज यायचा — घर हाय म्हणायचा. बरं वाटायचं मला. आता हा नवा म्हणतो, नाव सांग, न्हाईतर घर न्हाई. त्यांचं घालावं तर ते हायेत कुठं? माझं घालावं तर — तर ते येत न्हाईत असं मीच लिहून दिल्यासारखं—

वाजला का? तुमचाच. बघा, नावानिशी आला. — माझा कुठून वाजंल? उठा रत्नम्मा मावशी, टँकर थांबत नसतो. — न्हाई, मी येत न्हाई. जावा. जाताना दार ओढून घ्या.